बाहेर उणे पंधरा, आत इलेक्ट्रिक ब्लँकेट: कॅम्पर व्हॅनमध्ये रात्र उबेत कशी काढतात?

रील साधारण अशी असते. बर्फाच्या डोंगरात एक पांढरी व्हॅन उभी आहे, आत पिवळ्या दिव्यांची माळ, गादीवर जाड दुलई आणि हातात वाफाळत्या चहाचा मग. तीस सेकंदांत रील संपते. पहाटे तीन वाजता त्याच व्हॅनच्या पत्र्यावर आतून बर्फाचा पापुद्रा धरलेला असतो, बाटलीतलं पाणी गोठलेलं असतं आणि दुलईतून नाक बाहेर काढायची हिंमत होत नाही. तो भाग कुणी शूट करत नाही.

मंडळी, पुण्या-मुंबईहून स्वतःची गाडी घेऊन लाहौल, स्पिती, लडाखकडे निघणाऱ्यांना आता नवल राहिलेलं नाही. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगद्याचं उद्घाटन झालं आणि मनालीहून लाहौलला जायला रोहतांगची खिंड ओलांडायची गरज उरली नाही. स्पितीला किन्नौरच्या बाजूने जाणारा रस्ता तर हिवाळ्यातही बहुतेक वेळा चालू असतो. कुणी टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग आणि ओटा बसवून घेतो, कुणी एसयूव्हीच्या मागच्या सीट आडव्या करून गादी टाकतो, कुणी भाड्याने कॅम्पर घेतो. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं.

पण आपल्याकडची थंडी म्हणजे निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला की बातमी होते, इतकीच. काझा समुद्रसपाटीपासून ३६०० मीटरहून उंच आहे आणि तिथे जानेवारीच्या रात्री पारा उणे वीसपर्यंत उतरतो. पत्र्याच्या डब्यात अशी रात्र काढायची तर नुसता स्वेटर पुरत नाही. मग ऊब आणायची कुठून?

आधी, काय अजिबात करायचं नाही

थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाला सुचणारे पहिले तीन उपाय म्हणजे इंजिन चालू ठेवून गाडीचा हीटर लावणं, गॅसची शेगडी पेटवणं आणि कोळशाची शेगडी आत घेणं. हे तिन्ही जिवावर बेतू शकतात, आणि बेतलेही आहेत.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळहून आलेल्या आठ पर्यटकांचा एका रिसॉर्टच्या खोलीत मृत्यू झाला. त्यात चार लहान मुलं होती. दारं-खिडक्या बंद होत्या आणि खोलीत गॅसचा हीटर चालू होता. दोन वर्षांनी, ७ आणि ८ जानेवारी २०२२ च्या दरम्यानच्या रात्री, पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फवृष्टीत शेकडो गाड्या अडकल्या आणि वीसहून अधिक लोक आपापल्या गाड्यांमध्येच मरण पावले. अनेकांच्या बाबतीत थंडीपेक्षा कार्बन मोनॉक्साइडवर संशय होता. असं होण्याचं कारण सोपं आहे. गाडीभोवती बर्फ साचतो, सायलेन्सरचं तोंड बुजतं, इंजिन मात्र हीटरसाठी चालूच असतं आणि धूर गाडीखालून आत शिरतो.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. झोपेत असलेला माणूस गुदमरून दचकून उठेल असं वाटतं, पण तसं होत नाही. तो गाढ झोपेतच बेशुद्ध होतो.

हिमालयात यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. डोकं दुखणं, मळमळणं, गळून गेल्यासारखं वाटणं, गरगरणं ही कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेची लक्षणं आहेत. आणि नेमकी हीच लक्षणं विरळ हवेच्या त्रासाचीही आहेत. "उंचीमुळे डोकं दुखतंय, झोपलं की बरं वाटेल" असं म्हणून माणूस दुलई ओढून घेतो. त्यात ३६०० मीटरवर हवेतला ऑक्सिजन समुद्रकाठच्या तुलनेत एक तृतीयांशाने कमी, म्हणजे जे काही जळतंय ते अर्धवट जळणार आणि विषारी वायू जास्त तयार होणार. व्हॅनमध्ये काहीही जळत असेल, मग ते स्वयंपाकापुरतं का असेना, तर बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावलेलाच हवा. बाकी कुठल्याही सामानात काटकसर चालेल, यात नाही.

विजेच्या अंथरुणाचा पहिला आणि सर्वांत मोठा फायदा इथेच आहे. त्यात काहीही जळत नाही.

खोली तापवायची की माणूस?

काश्मीरमधल्या कांगडीचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. वेताच्या टोपलीत मातीचं भांडं, त्यात निखारे, आणि ते फेरनच्या आत धरून फिरणारी माणसं. अख्खं घर गरम करायला लागणारं लाकूड आणायचं कुठून? त्यापेक्षा मूठभर निखारे अंगाजवळ धरले की काम भागतं. (बंद गाडीत कांगडी म्हणजे पुन्हा तोच कार्बन मोनॉक्साइड, त्यामुळे ती कल्पना फोटोपुरतीच ठेवलेली बरी.) इलेक्ट्रिक ब्लँकेट हे याच विचाराचं विजेवर चालणारं रूप आहे.

आता थोडा हिशेब करू. घराचं वीजबिल ज्यात येतं त्या युनिटमध्येच करू, म्हणजे पटकन समजेल. एक युनिट म्हणजे १००० वॉटचं उपकरण एक तास चालवणं.

टेम्पो ट्रॅव्हलरएवढ्या गाडीच्या भिंती, छत, तळ आणि काचा मिळून साधारण ४० चौरस मीटर पृष्ठभाग होतो. बाहेर उणे १५ आणि आत १० अंश ठेवायचे म्हटले तर फरक २५ अंशांचा. नुसता पत्रा असेल तर एवढा फरक टिकवायला ढोबळमानाने चार ते पाच हजार वॉट उष्णता सतत ओतत राहावी लागते. पत्र्याला आतून फोमचं चांगलं अस्तर आणि काचांना जाड पडदे असतील तर हा आकडा हजार ते दीड हजार वॉटवर येतो. म्हणजे चांगल्या बांधलेल्या व्हॅनमध्येसुद्धा आठ तासांच्या रात्रीला आठ ते बारा युनिट लागणार. कॅम्परमध्ये वापरतात त्या १०० अँपिअर-आवर लिथियम बॅटरीत जेमतेम सव्वा युनिट वीज मावते. अशा सात-आठ बॅटऱ्या एका रात्रीत रिकाम्या होतील. म्हणून बॅटरीवर रूम हीटर चालवण्याचा विचारच सोडून द्यावा लागतो.

आता ब्लँकेट. एका माणसाचं १२ व्होल्टचं ब्लँकेट पूर्ण जोरात साधारण ४५ ते ६० वॉट घेतं. आठ तास सतत पूर्ण जोरात चालवलं तरी अर्ध्या युनिटच्या आत काम होतं. प्रत्यक्षात एकदा अंथरूण तापलं की ते कमीत कमी सेटिंगवर ठेवतात, त्यामुळे खर्च आणखी उतरतो.

इतक्या थोड्या विजेत भागतं कसं? कारण झोपलेल्या माणसाचं शरीर स्वतःच ७०-८० वॉटची उष्णता देत असतं. दुलईचं काम ती अडवून धरण्याचं. आजीच्या गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर का असायचे? त्या थरांमध्ये अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही म्हणून. कडाक्याच्या थंडीत शरीराची कमाई आणि दुलईतून होणारी गळती यांत जो वीस-तीस वॉटचा तुटवडा पडतो, तेवढाच ब्लँकेटने भरून काढायचा असतो.

यातूनच एक नियम निघतो आणि अनुभवी व्हॅनवाले तो कटाक्षाने पाळतात. वीज मध्यरात्री बंद पडली तरी सकाळपर्यंत जीव सांभाळेल इतकं अंथरूण-पांघरूण सोबत असलंच पाहिजे. उणे १५ साठी बनवलेली स्लीपिंग बॅग किंवा दोन जाड रजया हा पाया, ब्लँकेट हे त्यावरचं सुख. "ब्लँकेट आहे ना, मग एक चादर पुरे" हे गणित फ्यूज उडेपर्यंतच बरोबर असतं.

१२ व्होल्ट की २३० व्होल्ट?

बाजारात दोन जाती मिळतात. एक घरच्या प्लगवर चालणारी, दुसरी गाडीच्या लायटर सॉकेटवर चालणारी १२ व्होल्टची. घरचं ब्लँकेट चांगल्या बनावटीचं असतं, त्याला नीट कंट्रोलर असतो, पण व्हॅनमध्ये ते चालवायला इन्व्हर्टर लागतो. आणि इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो. १००० वॉटचा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी दहा-वीस वॉट घेत बसतो. रात्रभरात हे ८० ते १६० वॉट-तास झाले, म्हणजे कमी सेटिंगवरच्या ब्लँकेटला जेवढी वीज लागते जवळजवळ तेवढीच नुसती इन्व्हर्टरच्या पंख्यात आणि पेटीत गेली. शिवाय स्वस्तातला, मॉडिफाइड साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर ब्लँकेटचा कंट्रोलर बिघडू शकतो. घरचंच ब्लँकेट वापरायचं असेल तर इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा आणि शक्य तितका छोटा घ्यावा.

युरोपात ही अडचण कमी भासते. तिथल्या कॅम्पसाइटवर गाडीला विजेचं कनेक्शन मिळतं, बहुतेक ठिकाणी १० किंवा १६ अँपिअरचं. ते जोडलं की बॅटरीची चिंता नाही, घरचं ब्लँकेट थेट लावायचं. स्पितीत होमस्टेच्या अंगणात गाडी लावून वायर ओढून घेता येते, पण हिवाळ्यात तिथे वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, आणि आपण ज्या सॉकेटमध्ये प्लग घालतोय त्याला अर्थिंग आहे का हेही एकदा पाहावं.

१२ व्होल्टच्या ब्लँकेटचा फायदा असा की बॅटरीची वीज थेट वापरली जाते. पण यातली बरीच ब्लँकेट प्रवासात मांडीवर घ्यायला बनवलेली असतात आणि तीस, पंचेचाळीस किंवा साठ मिनिटांनी आपोआप बंद होतात. रात्री दोन वाजता थंडीने जाग येते, चाचपडत बटण दाबायचं, पुन्हा तासाभराने तेच. विकत घेताना म्हणूनच दोन गोष्टी पाहायच्या. रात्रभर वापरासाठी बनवलंय की फक्त अंथरूण आधी तापवून घेण्यासाठी, आणि टायमर किती तासांचा आहे. फक्त आधी तापवण्यासाठी असलेलं ब्लँकेट अंगाखाली घेऊन झोपणं धोक्याचं आहे, आणि असं ब्लँकेट टायमरला चुना लावून रात्रभर चालवण्याच्या युक्त्या इंटरनेटवर कितीही सापडल्या तरी करू नयेत.

आणखी एक बारीक गोष्ट. व्होल्ट कमी म्हणजे धोका कमी, असं सरसकट नसतं. १२ व्होल्टवर शॉक बसत नाही हे खरं, पण ६० वॉटसाठी पाच अँपिअर करंट वाहतो. दोन ब्लँकेट एका बारीक वायरवर टाकली तर वायर तापते, सॉकेट वितळतं. प्रत्येक ब्लँकेटला वेगळी, पुरेशी जाड वायर आणि बॅटरीजवळच फ्यूज हवा. लायटर सॉकेटमधला प्लग सैल असेल तर तिथेच ठिणग्या पडतात, म्हणून झोपण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटांनी प्लगला हात लावून पाहायची सवय चांगली. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर बंद. ट्रक आणि काही मोठ्या गाड्यांची यंत्रणा २४ व्होल्टची असते, तिथे १२ व्होल्टचं ब्लँकेट थेट लावायचं नाही.

बॅटरीलाही थंडी वाजते

गाडी सुरू करणाऱ्या बॅटरीवर ब्लँकेट चालवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. ती बॅटरी क्षणभर जोरदार करंट द्यायला बनवलेली असते, रात्रभर थोडा थोडा द्यायला नाही. त्यात थंडीत लेड-ॲसिड बॅटरीची ताकद घटते, उणे वीसला ती जवळजवळ निम्म्यावर येते. आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेलं ऑइल आणि गार पडलेलं डिझेल इंजिन फिरवायला जास्त ताकद मागतं. रात्र उबेत गेली, पण सकाळी गाडी सुरूच होत नाही आणि मोबाइलला रेंज नाही, अशी वेळ येते. झोपण्याच्या विजेसाठी वेगळी बॅटरी हवीच.

ती कुठली? लोडशेडिंगमुळे घरोघरी आलेली इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी अनेकांना आधी आठवते. १५० अँपिअर-आवरच्या त्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात, पण लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हाताशी ०.९ युनिट. वजन पन्नास किलोच्या पुढे. शिवाय चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि गाडी कलली तर ॲसिड सांडू शकतं. झोपायच्या जागेत ती ठेवायची नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी हलकी असते आणि तिच्यातली ८०-९० टक्के वीज वापरता येते. तिची अडचण वेगळीच. ती उणे तापमानात वीज देते, पण शून्याच्या खाली तिला चार्ज केलं तर आत लिथियम धातूचा थर जमतो आणि ती कायमची खराब होते. चांगल्या बॅटरीतलं संरक्षक सर्किट अशा वेळी चार्जिंग रोखून धरतं, आणि मग मालक वैतागतो की ऊन आहे, सोलर पॅनल आहे, तरी चार्ज का होत नाही. उपाय साधा आहे. बॅटरी गाडीच्या खाली किंवा बाहेरच्या डिकीत न ठेवता आत, पलंगाखाली, अस्तर लावलेल्या पेटीत ठेवायची.

खर्च झालेली वीज भरून कशी काढायची? दोन माणसांच्या ब्लँकेटना रात्रभरात समजा ५०० वॉट-तास लागले. गाडी चालताना ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर साधारण ३८० वॉट देतो, म्हणजे दीड तासाच्या ड्रायव्हिंगमध्ये रात्रीचा हिशेब चुकता. छतावरचं २०० वॉटचं पॅनल हिवाळ्याच्या स्वच्छ दिवसात चारशे-पाचशे वॉट-तास देऊ शकतं, अट इतकीच की त्यावरचा बर्फ झाडलेला हवा आणि गाडी डोंगराच्या सावलीत नको. एका जागी तीन दिवस बर्फात अडकलात तर मात्र दोन्ही मार्ग बंद. त्यामुळे बॅटरी एका रात्रीच्या नव्हे, निदान दोन रात्रींच्या हिशेबाने घ्यायची.

एवढा जामानिमा ज्यांच्याकडे नाही, विमानाने लेहला जाऊन भाड्याची गाडी घेणाऱ्यांकडे तर नसतोच, त्यांच्यासाठी यूएसबीवर चालणारे छोटे हीटिंग पॅड आहेत. २०००० एमएएचच्या पॉवर बँकेत साधारण ७४ वॉट-तास वीज असते. ही विमानात केबिन बॅगेतून नेता येते. १० वॉटचं पॅड तिच्यावर सहाएक तास चालतं. स्लीपिंग बॅगमध्ये पायांच्या पंजांपाशी एवढीशी ऊब मिळाली तरी झोप लागते.

आणि रबरी गरम पाण्याच्या पिशवीला कमी लेखू नका. दोन लिटर पाणी ७० अंशांवरून ३५ अंशांवर येईपर्यंत सुमारे ८० वॉट-तास उष्णता देतं. म्हणजे तुमच्या त्या पॉवर बँकेपेक्षा थोडी जास्तच. फ्यूज नाही, वायर नाही. फक्त झाकण घट्ट लावायचं आणि पिशवीला कापडी कव्हर घालायचं.

अंथरायचं कसं

ब्लँकेट वर पांघरायचं की खाली अंथरायचं, यावर व्हॅनवाल्यांमध्ये वाद होतात. बंद पलंगावर झोपणाऱ्यांसाठी खाली अंथरणं बहुतेक वेळा सरस ठरतं. अंगाच्या वजनाने खालचं कापूस किंवा पीस दबतात, त्यांच्यातली हवा निघून जाते आणि थंडी खालूनच चढते. शिवाय व्हॅनचा पलंग म्हणजे खाली मोकळी जागा आणि त्यात गोठलेली हवा. म्हणून सर्वांत खाली बंद-पेशींच्या फोमची चटई, त्यावर गादी, त्यावर ब्लँकेट सपाट अंथरून कोपऱ्यांना बांधलेलं, त्यावर सुती चादर, मग माणूस आणि वर रजया. वर पांघरायचं ठरवलं तर त्याच्याही वर एक रजई हवी, नाहीतर निम्मी ऊब छताला जाते.

झोपण्यापूर्वी अर्धा तास ब्लँकेट पूर्ण जोरावर लावून अंथरूण तापवायचं, आणि आत शिरताना सर्वांत कमी सेटिंगवर आणायचं. "जास्त ऊब म्हणजे जास्त झोप" असं नसतं. फार गरम झालं की घाम येतो, कपडे ओले होतात आणि पहाटे तोच ओलावा गारठवतो. तोंड दुलईत घालून झोपण्याचंही तसंच. श्वासातली वाफ दुलईत मुरते आणि ती जड, थंड होते. लोकरी कानटोपी घालून तोंड बाहेर ठेवलेलं बरं.

ओलाव्याचा विषय निघालाच आहे तर, झोपलेला प्रत्येक माणूस रात्रभरात श्वास आणि घामातून पाव लिटरहून जास्त पाणी हवेत सोडतो. ते पत्र्यावर आणि काचांवर जाऊन बसतं, थेंब होतात, गोठतात, आणि ऊन आलं की गादीवर ठिबकतात. गॅस जाळला तर यात आणखी भर, कारण एक किलो एलपीजी जळताना सुमारे दीड किलो पाण्याची वाफ तयार होते. विजेच्या अंथरुणाने वाफ वाढत नाही, पण असलेली जातही नाही. छताची खिडकी दोन बोटं उघडी ठेवावी लागते. उणे १५ मध्ये खिडकी उघडी ठेवा असं सांगितलं की लोक हसतात. पण इथे खोली नाही, माणूस तापवलाय. दोन बोटांच्या फटीने बॅटरीवर काही भार येत नाही.

ब्लँकेटचे स्वतःचे धोके

साधारण ४४ अंशांचा स्पर्श हाताला फक्त छान गरम वाटतो. पण तो एकाच जागी सहा तास टिकला तर त्वचा भाजते, हे १९४० च्या दशकातल्या प्रयोगांतून सिद्ध झालेलं आहे. जागा माणूस कूस बदलतो. दमून किंवा दारू पिऊन झोपलेला बदलत नाही. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांना चटका कळतच नाही, त्यांनी अंथरूण आधी तापवून, ब्लँकेट बंद करून मगच आत शिरावं. तान्ह्या बाळाला आणि स्वतःहून बाजूला सरकता न येणाऱ्या आजारी माणसाला यावर झोपवू नये. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारावं. वर्षानुवर्षं रोज एकाच जागी ऊब घेतली की त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात. कांगडी वापरणाऱ्यांच्या पोटा-मांड्यांवर हे डाग दिसतातच, आणि अशा जागी होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाला वैद्यकात "कांगडी कॅन्सर" असंच नाव आहे. चार रात्रींच्या सहलीत एवढं घाबरायचं कारण नाही, पण महिनोन्महिने व्हॅनमध्ये राहणाऱ्यांनी पाठ-पोट अधूनमधून आरशात पाहावं.

दुसरा धोका वायरचा. ब्लँकेटच्या आत बारीक तारा नागमोडी फिरवलेल्या असतात. घडी घालून त्यावर बॅग ठेवली, गुडघा रोवून पलंगावर चढलं की त्या एका जागी दुमडतात आणि तिथेच जास्त तापायला लागतात. करपल्यासारखा डाग, जळका वास, एखादाच पट्टा जास्त गरम लागणं यांपैकी काहीही दिसलं तर ब्लँकेट टाकून द्यायचं, शिवून वापरायचं नाही. व्हॅनमध्ये पलंग दिवसा सोफा होतो, तेव्हा ब्लँकेट सगळ्यात जास्त चुरगळतं. ओल्या अंथरुणावर ते लावू नये. कुत्रं सोबत असेल तर वायर त्याच्या दातांपासून लांब.

आणि ब्लँकेट फक्त माणसाला सांभाळतं. पाण्याची टाकी, नळाचे पाइप, डोळ्यांचे थेंब, इन्सुलिन, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या हे सगळं गोठायला मोकळंच. औषधं आणि बॅटऱ्या उशाशी, दुलईच्या आत घेऊन झोपतात. टाकी रात्री रिकामी करतात, पिण्याचं पाणी थर्मासमध्ये. नॉर्वे-स्वीडनसारख्या थंड देशांत म्हणूनच अनेकजण बाहेरची हवा घेऊन धूरही बाहेर सोडणारा डिझेल हीटर गाडीत पक्का बसवतात, संध्याकाळी आणि सकाळी उठायच्या वेळी तो लावतात आणि मधली रात्र ब्लँकेटवर काढतात. उंचावर डिझेल हीटर विरळ हवेमुळे काजळी धरतो, त्यामुळे उंचीनुसार जुळवून घेणारं मॉडेल लागतं. ब्युटेनच्या छोट्या डब्यांवरचा स्टोव्ह तर शून्याच्या आसपास चालेनासाच होतो, कारण ब्युटेनचं द्रवातून वायूत रूपांतर उणे अर्ध्या अंशाच्या खाली थांबतं.

रात्री सगळ्यांत कठीण क्षण ब्लँकेटचा नसतोच, लघवीला उठण्याचा असतो. उबदार अंथरुणातून उणे दहाच्या हवेत जायचं म्हणून लोक संध्याकाळपासून पाणी पिणंच सोडतात, आणि उंचीवर तेच सर्वांत वाईट. पाणी प्यायचं, जॅकेट आणि टॉर्च हाताशी ठेवायची, आणि बाहेर जाताना ब्लँकेट बंद न करता कमी सेटिंगवरच राहू द्यायचं, म्हणजे परत येताना अंथरूण गार पडलेलं नसतं.

सकाळी प्लग काढून ब्लँकेट अर्धा तास पसरून ठेवायचं. ओल गेली की सैल गुंडाळी करायची, चौकोनी घडी नाही. मग बॅटरीच्या मीटरवर किती टक्के उरले ते पाहायचं आणि फोनमध्ये लिहून ठेवायचं. तिसऱ्या रात्री बर्फ पडायला लागला आणि सूर्य दिसला नाही, तर ब्लँकेट किती वाजता बंद करायचं हे त्याच आकड्यावरून ठरतं.